आधी पुरावा, मग फोटो: नांदगाव खंडेश्वरच्या रानातले हिवाळी पाहुणे

नांदगाव खंडेश्वरला पक्ष्यांचा ‘पॉइंट’ नाही. गेट नाही, तिकीटघर नाही, जिप्सी नाही आणि ‘काल इथंच बसला होता’ असं छातीठोकपणे सांगणारा गाइडही नाही. अमरावतीहून बडनेरा ओलांडून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत हे तालुक्याचं गाव येतं. कॅमेरेवाली मंडळी फार तर खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळापाशी थांबतात आणि पुढं निघतात. त्यांना ताडोबा तरी हवं असतं, नाहीतर मेळघाट.

हिवाळी पाहुण्यांची आवड मात्र वेगळी आहे. भोवत्या (हॅरिअर), स्टेप गरुड, आखूड कानाचं घुबड, व्हीटिअर हे सगळे उघड्यावरचे पक्षी. कझाकस्तान-मंगोलियाकडच्या गवताळ मैदानांतून निघून आलेल्यांना सागवानाच्या जंगलात काय काम? त्यांना लांबवर नजर जाईल असं रान लागतं, उंदीर, चंडोल आणि नाकतोडे लागतात, रात्री बसायला गुडघाभर गवत लागतं. म्हणजे ज्या जमिनीकडे बोट दाखवून आपण ‘तिथं काहीच नाही’ म्हणतो, नेमकी तीच. म्हणून पक्ष्यांच्या नावांची यादी खिशात घालून निघू नका. आधी जमीन वाचायला शिका.

या तालुक्यात ती चार-पाच प्रकारची सापडते. गावोगावची ई-क्लास जमीन, म्हणजे गुरं चारण्याचं सरकारी पडीक रान. मुरमाड बरड, जिथं पेरून काही हाती लागत नाही. सोयाबीन निघाल्यावर तुरीच्या ओळी तेवढ्या उभ्या राहिलेली वावरं, आणि दोन वावरांमधले गवताळ धुरे. पाणी ओसरत चाललेले सिंचन तलाव. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकतात ती जागाही यातच धरा; नाक दाबून का होईना, तिथं एक चक्कर मारावीच लागते. गावातल्या गुराख्याला विचारा, यातलं काय कुठं आहे ते तो नकाशापेक्षा नेमकं सांगेल. ‘दुर्मीळ पक्षी कुठं दिसतो?’ असं मात्र विचारू नका. ‘मोठं गवत कुठं शिल्लक आहे?’, ‘कोणत्या तलावाचं पाणी लवकर उतरतं?’, ‘संध्याकाळी घारीसारखं पाखरू खाली खाली उडताना दिसते का?’ असे प्रश्न विचारले की कामाची उत्तरं मिळतात.

काळ कोणता निवडायचा, हेही पक्ष्यागणिक बदलतं. धोबी सप्टेंबरातच येऊन शेपट्या हलवू लागतात. गप्पीदास, थिरथिरा आणि भोवत्या ऑक्टोबरात दिसायला लागतात. बदकं नोव्हेंबरपासून वाढत जातात, तर पट्टकादंबांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. राज्य शासनानं २०२० पासून तो साजरा करायला सुरुवात केली. त्या आठवड्यात हौसेनं बाहेर पडलेले पुष्कळ जण तलावावरून हिरमुसून परततात. तलाव तुडुंब असतो. काठ बुडालेला म्हणजे चिखल नाही, आणि चिखल नाही म्हणजे टिलवे, तुतवार, पाणलावे नाहीत. तोच तलाव जानेवारीत पाहा. पाणी मागं सरकलेलं असतं, उघड्या पडलेल्या ओल्या पट्ट्यात चोची खुपसत पक्षी फिरत असतात आणि त्याच्याही मागं गाळपेरीचं हिरवं पीक उभं असतं.

आता भोवत्याविषयी सविस्तर बोलू, कारण या रानातला फोटोग्राफर सर्वांत जास्त चुकतो तो याच पक्ष्यापाशी.

भोवत्या जमिनीलगत, माणसाच्या डोक्याच्या उंचीनं उडतो. पंख किंचित वर उचललेले, दोन-चार संथ फडकारे, मग तरंगत जाणं, मध्येच गर्रकन वळून गवतात पाय सोडणं. तो धुऱ्याच्या कडेनं जातो, कारण उंदीर आणि लाव्हे तिथं असतात. गाडी मागं पळवून तो सापडत नाही. तुम्ही शंभर मीटर गेलात की तो चारशे मीटर गेलेला असतो आणि वर तुमची जात ओळखून त्या वावराला वळसा घालतो. त्यापेक्षा दुर्बिणीतून त्याचा फेरा नीट पाहा. एकदा गेलेल्या धुऱ्यावर तो बऱ्याचदा पुन्हा येतो. सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला तुरीच्या ओळीत बसा. डिसेंबरातली तूर माणसाला सहज झाकते. बसल्यावर हलायचं नाही, मोबाइल काढायचा नाही, सोबतच्याशी बोलायचं नाही. अर्धा तास सहज जातो. कधी तो येतच नाही. आला तर मात्र तुमच्या अंगावरून जातो, आणि वीस मीटरवरून मिळालेले ते चार सेकंद दिवसभराच्या पाठलागाला भारी पडतात.

या चार सेकंदांत काय टिपायचं? इथं माझं मत जरा कडक आहे. नवख्याचा पहिला हट्ट असतो डोळ्यात चमक असलेल्या, पार्श्वभूमी विरघळलेल्या देखण्या फोटोचा. दुर्मीळ पाहुण्याचा पहिला फोटो हा पुरावा असतो, हे डोक्यात पक्कं बसवा. जात ठरवणारी खूण त्यात दिसलीच पाहिजे, मग तो वाकडा असो की थोडा धूसर. देखणेपणासाठी पुढचे फोटो आहेत, मिळाले तर.

उदाहरणार्थ, आपल्याकडचे पांढुरका भोवत्या आणि मॉन्टेग्यूचा भोवत्या घ्या. नर ओळखणं तुलनेनं सोपं. पांढुरक्याचा नर फिकट राखाडी असतो आणि पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर असते. मॉन्टेग्यूचा नर जास्त गडद, पंखाचं काळं टोक मोठं, शिवाय पंखावर वरच्या बाजूनं एक काळी आडवी पट्टी आणि कुशीवर तांबूस रेघा. म्हणजे वरून पंख उघडलेला एक फोटो मिळाला की काम झालं. खरी फजिती माद्या आणि पिल्लांच्या वेळी होते; दोन्ही जातींत त्या तपकिरी, दोन्हींच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. तिथं चेहरा आणि मान बघायची. पांढुरक्याच्या, विशेषतः त्या वर्षीच्या पिल्लाच्या, गालामागून एक ठळक फिकट गळपट्टी जाते आणि तिच्या मागं मान गडद असते. मॉन्टेग्यूच्या पिल्लाला अशी गळपट्टी नसते. माद्यांसाठी पंखाची खालची बाजू लागते: मॉन्टेग्यूच्या मादीच्या पंखाखाली आतल्या पिसांवर गडद पट्टे स्वच्छ मोजता येतात, पांढुरक्याच्या मादीत तोच भाग काळवंडलेला असतो. तेव्हा पक्षी दिसला की एकाच क्षणाचे वीस फोटो काढू नका. खालून, वरून, बाजूनं, असा प्रत्येक बाजूचा एक तरी घ्या. तो वळतो तेव्हाच ही संधी असते, आणि नेमकं तेव्हाच बहुतेक जण स्क्रीनवर मान घालून आधीचा फोटो बघत असतात.

हेच इतरांनाही लागू. स्टेप गरुड आणि आपला पिंगट गरुड यांच्यात गल्लत होते. बाजूनं चेहऱ्याचा फोटो घ्या आणि चोचीची पिवळी फट डोळ्याखाली कुठवर जाते ते पाहा. ती डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचली तर स्टेप, मध्याशी थांबली तर पिंगट. बरडावर ताठ उभा राहणारा मातकट व्हीटिअर दिसला तर तो उडेपर्यंत थांबा आणि शेपटी टिपा: जवळजवळ बुडापर्यंत काळी म्हणजे डेझर्ट, टोकाकडचा निम्मा भाग काळा आणि बुडाशी पांढरी म्हणजे इझाबेलाइन. बसलेल्या पक्ष्याचा कितीही सुंदर फोटो हा वाद नेहमीच मिटवत नाही.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलणारे गल्लोगल्ली आहेत. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० च्या आसपास ठेवा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि दाणे दिसले म्हणून रडू नका. आकाशासमोरचा पक्षी काळा पडतो, तेव्हा एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप वाढवा. काळ्या नांगरटीवरून जाणारा फिकट नर पांढरा फटक होतो, तेव्हा थोडं कमी करा. रॉमध्ये काढा. ४०० मिलिमीटरच्या खाली या रानात हात चोळत बसावं लागतं. मात्र लांब झूमचा साधा ब्रिज कॅमेरा पुराव्याच्या कामाला पुरतो, कर्ज काढून लेन्स घ्यायची गरज नाही. गाडीतून काढायचं तर इंजिन बंद करा, नाहीतर फोटोभर थरथर उतरते. खिडकीवर टेकवायला कापडी पिशवी शिवून घ्या आणि ती सरकीनं भरा. वऱ्हाडात सरकी कुठंही मिळते, वाळूपेक्षा हलकी असते आणि लेन्सच्या आकाराप्रमाणे दबते. पिशवीला दोन कप्पे ठेवले तर ती काचेच्या दोन्ही बाजूंना लोंबते आणि घसरत नाही.

उजेडाचा हिशोब आधी करून ठेवा. इथं डिसेंबरअखेर सूर्य पावणेसातनंतर उगवतो, जानेवारीत जवळजवळ सातला. त्याआधी जागेवर पोचलेलं बरं. साडेनऊ-दहा वाजले की थंडी असूनही काळी जमीन तापते, हवा थरथरू लागते आणि लांबचा प्रत्येक फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. अशा वेळी लेन्सला शिव्या देऊ नका. अंतर कमी करा, नाहीतर चहा प्या. दुपारी चारनंतर पुन्हा कामाला लागायचं. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो.

संध्याकाळचा तो तास भोवत्यांच्या मुक्कामाचा. ते झाडावर झोपत नाहीत, गवतात जमिनीवर उतरतात, आणि एकाच गवताळ पट्ट्यात अनेक जण जमतात. गुजरातेत वेळावदरला असा फार मोठा मुक्काम असतो. आपल्याकडे मूठभर असले तरी पाहण्यासारखे. मुक्काम सापडला तर गवतापासून किमान दोनशे मीटर लांब, उतरत्या उजेडाकडे तोंड करून उभं राहा आणि काळ्या आकृतीचे फोटो घ्या. गवतात पाय ठेवायचा नाही. अंधार पडताना उठवलेला पक्षी दुसरी जागा कुठं शोधणार? पुढच्या दिवशी तो पट्टा रिकामा दिसला तर दोष कोणाला द्यायचा हे सांगायला नको.

आखूड कानाच्या घुबडाचंही असंच. ते दिवसा गवतातच जमिनीला चिकटून बसतं आणि पायाखालून उडालं की सगळे आरडाओरडा करतात. चार जणांनी रांग धरून गवत तुडवत हाका घालण्याची एक पद्धत बोकाळली आहे. ती साफ बंद करा. चुकून उठलं तर कुठं बसलं ते पाहून ठेवा, एक लांबचा फोटो घ्या आणि वाट बदला. संध्याकाळी ते आपणहून उडायला लागतं. रेकॉर्डवरचा आवाज वाजवणं, अळ्या पसरून पक्षी बोलावणं, रात्री फ्लॅश मारणं, यांवर चर्चाच नको.

तलावावर डाव वेगळा. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचा हंस, हिमालय ओलांडून येतो आणि दिवसाचा बराच वेळ पाण्याच्या मधोमध किंवा उघड्या काठावर थवा करून बसून राहतो. तिथं तो तुम्हाला जवळ येऊ देणार नाही. पण चरायला तो हरभऱ्यात, गव्हात जातो, आणि येण्याजाण्याची त्याची वाट ठरलेली असते. एक संध्याकाळ फक्त ती वाट पाहण्यात घालवा, कॅमेरा गळ्यात असू द्या. दुसऱ्या दिवशी त्या वाटेखाली बसा. थवा डोक्यावरून जाईल. हरभऱ्याचा मालक डबा वाजवून हंस हाकलत असेल तर त्याला पर्यावरण शिकवू नका. पीक त्याचं आहे. भोई बांधवांची जाळी सकाळी केव्हा लागतात ते विचारून घ्या आणि त्याआधी काठावर पोचा, कारण डोंगा पाण्यात आला की चक्रांग, थापट्या, तलवार बदक असा सगळा मेळा उठून पलीकडच्या टोकाला जातो. नांदगावच्या तलावांवर मन भरलं नाही तर चांदूर रेल्वेकडचं मालखेड आहे, मोर्शीकडे सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण आहे. गवताळ रानासाठी शेजारच्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. तिथं वनविभागाच्या परवानगीनंच आत जायचं.

ढोरं टाकायच्या जागेवर फार वेळ घालवू नका, पण तिथं स्टेप गरुड उतरण्याची शक्यता असते. पूर्वी अशा ठिकाणी गिधाडांची झुंबड असे. ढोरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं ती संपली आणि २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी येईपर्यंत फार उशीर झाला होता. आज तिथं कुत्री जास्त असतात. मोकाट कुत्र्यांच्या टोळीत एकट्यानं चालत जाऊ नका, गाडीतूनच पाहा.

रानातले धोके कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. नजर आकाशात असताना पायाखाली कठडा नसलेली विहीर येऊ शकते. चालताना कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही, थांबून लावायचा. रानडुकरं आणि रोह्यांसाठी वावराला झटका मशीनची तार लावलेली असते. पहाटेच्या धुक्यात ती दिसत नाही, तेव्हा तार ओलांडायची तर मालकाला विचारूनच. थंडीत घोणस उन्हाला धुऱ्यावर येऊन पडते, आणि उजेडासाठी तुम्हीही त्याच बाजूला बसता. अवकाळीचा सडाका होऊन गेला असेल तर पांदण रस्त्यावर गाडी घालू नका. काळ्या मातीनं धरलेलं चाक ट्रॅक्टरशिवाय सुटत नाही. आणि समृद्धी महामार्गावर, कुंपणावर कितीही देखणा शिकारी पक्षी बसलेला असो, गाडी थांबवायची नाही. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून नागपूरकरांना हा तालुका जवळ आला हे खरं, पण तो रस्ता इथवर पोचण्यासाठी आहे, पाखरं पाहण्यासाठी नाही.

माणसांशी बोलणं हा या कामाचा निम्मा भाग आहे. तिपाई उभी केली की पहिला प्रश्न येतो, ‘काय मोजता जी?’ तीन पायांचं यंत्र दिसलं की जमिनीची मोजणी आली, रस्ता आला, भूसंपादन आलं, असंच शेतकऱ्याला वाटणार, आणि त्यात चूक काही नाही. ‘पाखरं पाहून राह्यलो भाऊ’ असं सांगा, दुर्बीण त्यांच्या हातात द्या, काढलेला फोटो दाखवा. तुरीत बसायचं तर आधी विचारा. शेंगा भरलेल्या असतात आणि पिशवी घेऊन वावरात शिरणारा अनोळखी माणूस कोणालाच आवडत नाही. फौजी छापाचे कपडे नकोत, मातकट सदरा आणि डोक्याला दुपट्टा पुरे. एक गंमत ध्यानात ठेवा: बंडी आणि ट्रॅक्टर यांना हे पक्षी फारसे बुजत नाहीत, पायी येणाऱ्या माणसाला बुजतात. कोणाची बंडी तिकडेच निघाली असेल आणि मालकानं बसवून घेतलं, तर त्याहून चांगलं लपण या तालुक्यात नाही.

पक्ष्याच्या पायात कडं, रंगीत पट्टी किंवा मानेत पट्टा दिसला तर बाकी सगळं सोडून त्याचे फोटो घ्या. मंगोलियात मानेला पट्टा बांधलेले पट्टकादंब भारतात दिसलेले आहेत. पट्ट्याचा रंग, त्यावरची अक्षरं, कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, हे सगळं त्याच जागी वहीत लिहा. भारतात घातलेल्या धातूच्या कड्यावर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला (बीएनएचएस) कळवण्याची सूचना असते, त्याप्रमाणे कळवा.

रात्री घरी आल्यावर मूळ फाइली वेगळ्या ठेवा, कातरलेले फोटो वेगळे. तारीख, वेळ आणि जागा मूळ फाइलीशी जोडलेली राहू द्या. वॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या फोटोत ते काही उरत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना फक्त दुर्मीळ पक्षी नव्हे, दिसलेले सगळे पक्षी संख्येसह टाका. चिमण्या-कावळ्यांशिवायची यादी अभ्यासकाच्या कामाची नसते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तलावावरची मोजदाद तिकडेही जाऊ शकते. समाजमाध्यमांवर मात्र मुक्कामाच्या गवताची किंवा घुबडाची जागा टाकू नका, ‘अमरावती जिल्हा’ एवढं पुरे. पाहुणा परत जाईपर्यंत थांबून फोटो टाकला तरी लाइक येतातच.

आणि भोवत्याच्या मादीचा फोटो मोठा करकरून पाहिला, मित्रांना दाखवला, तरी गळपट्टी आहे की नाही ते ठरेना, तर जबरदस्तीनं नाव देऊ नका. ई-बर्डवर ‘पांढुरका किंवा मॉन्टेग्यूचा’ अशी जोडनोंद करण्याची सोय आहे. ती वापरा, फोटो सोबत जोडा आणि पुढच्या रविवारी त्याच धुऱ्यावर पुन्हा जाऊन बसा.